स्फटिक वेचणारे हात : डोरोथी हॉजकिन

हीरक महोत्सव हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे हिरा येतो. हिरा म्हणजे कार्बन या मूलद्रव्याचा स्फटिक. कार्बनचे अणू एका ठरावीक शिस्तीने एकमेकांचे हात धरून उभे राहिले की हिरा घडतो आणि ती शिस्त बदलली की त्याच अणूंपासून पेन्सिलीतले मऊ, काळे ग्रॅफाइट तयार होते. ही आतली शिस्त मानवाला प्रथम दिसली ती १९१३ साली. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी हिऱ्यावर क्ष-किरण सोडून त्यातील अणूंची मांडणी निश्चित केली. त्या वेळी अवघी तीन वर्षांची असलेली एक मुलगी पुढे याच किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि इन्शुलिन या कोट्यवधी रुग्णांना जीवदान देणाऱ्या पदार्थांचे अंतरंग उलगडणार होती. ऐन तारुण्यात संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी तिला हे काम करावे लागणार होते. डोरोथी क्रोफूट हॉजकिन यांची ही जीवनकथा.

डोरोथीचा जन्म १२ मे १९१० रोजी कैरो येथे झाला. वडील जॉन क्रोफूट इजिप्तच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते. पुढे सुदानच्या शिक्षणखात्याची धुरा त्यांच्याकडे आली आणि त्यानंतर पुरातत्त्वज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळवले. आई ग्रेस मेरी यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते. परंतु सुदानमधील वनस्पतींची चित्रे काढता काढता आणि तेथील स्त्रियांकडून सूतकताई व विणकाम शिकता शिकता त्या प्राचीन वस्त्रांच्या जाणकार अभ्यासक बनल्या. पुराण्या चिंधीचा एक धागा पाहून तो कसा कातला असेल हे सांगणारी ही माता चार मुलींची पहिली गुरू होती. डोरोथी त्यांतली थोरली.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा मुलींना इंग्लंडमध्ये दाई आणि आजी-आजोबांच्या देखरेखीखाली ठेवून आई-वडिलांना आफ्रिकेत परतावे लागले. चार वर्षांची डोरोथी धाकट्या बहिणींची जणू पालक झाली. याच युद्धाने ग्रेस मेरी यांचे चारही भाऊ हिरावून घेतले. घरातल्या या अबोल दुःखाची छाया डोरोथीच्या मनावर कायमची उमटली. उतारवयात जगभर शांततेसाठी फिरणाऱ्या वृद्ध शास्त्रज्ञेच्या आग्रहाचे मूळ या चार रिकाम्या खुर्च्यांत होते.

दहाव्या वर्षी एका छोट्याशा वर्गात डोरोथीने तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवले. भांड्यातील निळे पाणी दिवसेंदिवस स्वस्थ ठेवावे आणि एके सकाळी दोऱ्याच्या टोकाला कोरीव कडांचा निळा खडा लटकलेला दिसावा, हा प्रयोग आपल्याकडील शाळांतूनही मुले करतात. बहुतेकांच्या लेखी तो एक गमतीचा प्रयोग ठरतो. डोरोथीच्या लेखी तो आयुष्यभराचा ध्यास ठरला. तेराव्या वर्षी ती खार्टुमला आई-वडिलांकडे गेली असता बागेत तिला एक काळे चमकदार खनिज सापडले. तेथील मृदारसायनतज्ज्ञ डॉ. जोसेफ यांनी ते हसण्यावारी न नेता तिच्याकडूनच त्याचे पृथक्करण करवून घेतले. ते लोह आणि टायटॅनियम असलेले इल्मेनाइट निघाले. त्यांनी तिला रसायने व खनिजांचे नमुने असलेली एक पेटी भेट दिली आणि इंग्लंडमधील घराच्या माळ्यावर त्या मुलीची पहिली प्रयोगशाळा सुरू झाली.

बेकल्स या गावातील सर जॉन लेमन शाळेत रसायनशास्त्र हा मुलांचा विषय होता. त्या तासाला मुलींनी गृहविज्ञान शिकावे असा शिरस्ता होता. डोरोथीने आणि तिच्या एका मैत्रिणीने रसायनशास्त्राच्या वर्गात बसण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. वर्गात एका रांगेत दोन जागा वाढल्या, एवढाच हा बदल. परंतु त्या दिवशी परवानगी नाकारली गेली असती तर विसाव्या शतकातील वैद्यकाचा इतिहास काहीसा निराळा लिहावा लागला असता. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी लॅटिन भाषा आवश्यक होती व ती तिला शिकवलीच गेली नव्हती. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला लॅटिन स्वतः शिकवले. सोळाव्या वाढदिवशी आईने तिच्या हाती विल्यम हेन्री ब्रॅग यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक ठेवले. क्ष-किरणांनी अणू पाहता येतात हे त्या पुस्तकात वाचले आणि तिची दिशा ठरली.

१९२८ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल होण्यापूर्वी डोरोथी जॉर्डनमधील जेराश येथे आई-वडिलांच्या उत्खननावर गेली. तेथील प्राचीन चर्चच्या भग्न फरशांवर रंगीत खड्यांची नक्षी होती. ती नक्षी मोजून मापून कागदावर उतरवण्याचे काम तिला मिळाले. एकच आकृती पुनःपुन्हा येऊन सारी फरशी कशी व्यापते हे तिने तासन्‌तास पाहिले. आपल्याकडील ठिपक्यांची रांगोळी ज्याने पाहिली आहे त्याला याचे मर्म चटकन कळेल. ठिपक्यांमधील अंतर सर्वत्र सारखे, आकृतीही तीच, आणि त्या पुनरावृत्तीतून अंगणभर पसरलेली रांगोळी. स्फटिक ही अशीच एक रांगोळी असते, फक्त ती तीन दिशांनी पसरते आणि तिच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रेणू बसलेला असतो.

रेणू इतका सूक्ष्म की साध्या प्रकाशाने तो दिसत नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र अणूंमधील अंतराच्या जवळपास असते. असे किरण स्फटिकावर सोडले की ते ठरावीक दिशांनी विखुरतात आणि फिल्मवर बारीक ठिपक्यांचा पट उमटतो. कोणता ठिपका किती गडद आहे हे मोजून, त्यावरून हजारो आकडेमोडी करून, मूळ रेणूचा आकार शोधायचा असतो. अडचण अशी की फिल्मवर लाटेची तीव्रता उमटते, पण लाट केव्हा उसळली आणि केव्हा ओसरली ही तिची लय हरवते. हरवलेली लय शोधून काढणे हाच या शास्त्राचा खरा डोंगर. डोरोथी हॉजकिन आयुष्यभर तो डोंगर चढत राहिल्या.

१९३२ साली प्रथम वर्गाची पदवी घेऊन त्या केंब्रिजला जॉन डेस्मंड बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. बर्नाल हे अफाट बुद्धीचे आणि तितक्याच मोकळ्या मनाचे गृहस्थ होते; स्त्री संशोधकांना त्यांच्याकडे बरोबरीची वागणूक मिळे. १९३४ साली तेथे घडलेली घटना प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची जन्मकथा मानली जाते. स्वीडनमधील उप्साला येथे जॉन फिलपॉट हे पेप्सिन या पाचक प्रथिनावर काम करत होते. ते बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी काही दिवस सुटीवर गेले आणि शीतपेटीत राहिलेल्या द्रावणात दोन मिलिमीटरपर्यंतचे सुरेख स्फटिक वाढले. केंब्रिजचे ग्लेन मिलिकन यांनी त्यांची नळी कोटाच्या खिशात घालून बर्नाल यांच्याकडे आणली. त्या काळचा नमुना-वाहतुकीचा सारा बंदोबस्त म्हणजे हा खिसा!

बर्नाल यांनी एक स्फटिक द्रवातून काढून नेहमीप्रमाणे किरणांपुढे ठेवला. फिल्मवर काहीच नीट उमटले नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांच्या ध्यानात आले की द्रवात असताना स्फटिक तेजाने झळकतात, बाहेर काढताच त्यांची चमक मावळते. प्रथिनाचा स्फटिक हिऱ्यासारखा कोरडा नसतो. त्याच्या अंगात भरपूर पाणी असते आणि ते उडाले की रेणूंची रांग मोडते. म्हणून त्यांनी स्फटिक त्याच्याच द्रवासह पातळ काचेच्या केशनळीत बंद केला. या वेळी फिल्मवर ठिपक्यांचा रेखीव पट उमटला. प्रथिनांचे रेणू अस्ताव्यस्त गोळे नसून त्यांना निश्चित आकार आहे याचा तो पहिला पुरावा होता. स्फटिक कसा हाताळावा या एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या उत्तराने ज्ञानाचे एक दालन उघडले.

ही पहिली छायाचित्रे घेतली गेली त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हातांचे सांधे दुखत असल्याने त्या लंडनला तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेल्या होत्या. निदान झाले संधिवाताचे. वय वर्षे चोवीस. ज्या शास्त्रात सारा खेळ बोटांच्या टोकांचा, त्यात आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुणीला याहून क्रूर बातमी कोणती असेल? परतल्यावर त्यांनी पेप्सिनचे पुढचे काम हाती घेतले. त्या वर्षी नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऐतिहासिक लेखावर बर्नाल यांच्या जोडीला त्यांचे नाव आहे.

१९३४ मध्येच त्या ऑक्सफर्डला परतल्या. विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत, प्राचीन सांगाड्यांच्या शेजारी, त्यांना काम करायला जागा मिळाली. स्फटिक निवडण्याचा सूक्ष्मदर्शक उंच खिडकीपाशी एका सज्जावर होता आणि तेथे जायला शिडी चढावी लागे. वर बसून मिठाच्या कणाएवढा स्फटिक काचेच्या तंतूवर चिकटवायचा, मग एका हातात तो सांभाळत, दुसऱ्या हाताने शिडी धरत खाली किरणयंत्रापर्यंत उतरायचे. सुजलेल्या बोटांनी हा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षे केला. ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळात त्या काळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्याबद्दल तक्रार करत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या आपले काम करत राहिल्या आणि विद्यार्थी आपण होऊन त्यांच्याकडे येत गेले.

रॉबर्ट रॉबिन्सन या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना दहा मिलिग्रॅम इन्शुलिन दिले. मधुमेहावरील हे औषध तेव्हा नुकतेच बारा-तेरा वर्षांचे होते. डोरोथींनी त्याचे पुरेसे मोठे स्फटिक वाढवले आणि एके रात्री दहाच्या सुमारास फिल्म धुतल्यावर त्यांना मधोमध बारीक ठिपक्यांची वर्तुळे दिसली. त्या आनंदात त्या रात्री त्या ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून एकट्याच भटकत राहिल्या. सकाळी जाग आली ती शंका घेऊनच: ते स्फटिक खरोखर इन्शुलिनचेच होते ना? धावत जाऊन त्यांनी तपासले, ते होतेच. इन्शुलिनची रचना मात्र त्या वेळच्या साधनांच्या आवाक्याबाहेर होती. प्रश्न बाजूला ठेवावा लागला, पण तो त्यांनी कधी टाकून दिला नाही.

१९३७ साली त्यांचा विवाह थॉमस हॉजकिन यांच्याशी झाला. थॉमस हे प्रौढशिक्षणात रमलेले शिक्षक आणि पुढे आफ्रिकेचे नामवंत इतिहासकार झाले. या दांपत्याला ल्यूक, एलिझाबेथ आणि टोबी ही तीन अपत्ये. १९३८ मध्ये थोरल्या मुलाच्या जन्मानंतर डोरोथींचा संधिवात एवढा बळावला की अंगावर कपडे चढवणेही कठीण झाले. बक्स्टन येथे सुवर्णक्षारांचे उपचार घेऊन त्या परत आल्या तेव्हा हातांत पूर्वीची ताकद उरली नव्हती. क्ष-किरणयंत्राचा मुख्य खटका त्यांच्याने दाबला जाईना. त्यांनी त्याला एक लांब दांडा बसवून घेतला आणि काम पुढे सुरू केले. डोरोथी हॉजकिन यांच्या चरित्रातील हा लाकडी-लोखंडी तपशील लहानसा आहे. परंतु त्यांचा सारा स्वभाव त्यात आला आहे. शरीराने एक वाट बंद केली की त्या दुसरी वाट शोधत.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी पेनिसिलिनची निकड भासू लागली. कारखान्यात ते बनवायचे तर त्याची रचना कळायला हवी होती. १९४२ पासून डोरोथी आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो या कामाला लागल्या. आकडेमोडीसाठी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणारी यंत्रे वापरण्यात आली. १९४५ मध्ये उत्तर मिळाले: पेनिसिलिनच्या गाभ्यात तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांचा एक ताणलेला चौकोन होता. असा चौकोन टिकेल यावर रॉबिन्सन यांच्यासारख्या दिग्गजांचाही विश्वास नव्हता. ज्यांनी पूर्वी इन्शुलिन देऊन उपकृत केले त्याच ज्येष्ठांच्या मताविरुद्ध डोरोथींचा निष्कर्ष गेला. त्यांनी वाद घातला नाही. तारा आणि बुचे जोडून रेणूची प्रतिकृती उभी केली आणि पुरावा पुढे ठेवला. आज ज्या प्रतिजैविकांच्या कुळाला बीटा-लॅक्टम म्हणतात, ते नाव त्या चौकोनावरून पडले आहे. १९४७ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

पुढची आठ वर्षे बी-१२ जीवनसत्त्वाची. घातक पांडुरोगावरील या औषधाचे गडद लाल स्फटिक १९४८ मध्ये ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथ यांनी त्यांच्याकडे पाठवले. पेनिसिलिनच्या कितीतरी पट मोठा हा रेणू. त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू. फिल्मवरील हजारो ठिपक्यांची तीव्रता डोळ्यांनी मोजावी लागली. आकडेमोड एवढी की ती एका माणसाच्या आयुष्यात संपली नसती. योगायोगाने लॉस एंजेलिसच्या केनेथ ट्रूब्लड यांच्याशी भेट झाली आणि त्यांनी तेथील संगणकावर ही गणिते करून देण्याची तयारी दाखवली. टपाल आणि तारांच्या साहाय्याने दोन खंडांमध्ये हे सहकार्य चालले आणि १९५६ पर्यंत बी-१२ ची संपूर्ण रचना जगापुढे आली.

१९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डोरोथी हॉजकिन यांना एकट्यांना देण्यात आले. मेरी क्यूरी आणि त्यांची कन्या इरीन यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. बातमी आली तेव्हा त्या पतीसमवेत घानामध्ये होत्या. मायदेशातील वृत्तपत्रांनी मात्र त्यांच्या शास्त्रापेक्षा त्या गृहिणी आणि तीन मुलांच्या आई असल्याचेच कौतुक अधिक केले. पुढच्याच वर्षी त्यांना ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान लाभला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर तो मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या.

एवढ्या सन्मानांनंतर कोणीही विसावले असते. डोरोथींच्या टेबलावर मात्र इन्शुलिन पडून होते. प्रथिनाच्या स्फटिकात जड अणू शिरवून लाटांची हरवलेली लय शोधण्याची रीत मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये दाखवून दिली होती आणि संगणकही सुधारले होते. ऑक्सफर्डमध्ये देशोदेशीचे तरुण जमले. गाय व एलिनॉर डॉडसन, टॉम ब्लंडेल, मार्गारेट ॲडम्स यांच्या बरोबरीने त्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलेले ममन्नमन विजयन हेही होते. १९६९ साली इन्शुलिनची रचना उलगडली. पहिल्या छायाचित्रापासून पस्तीस वर्षे लोटली होती. चोविसाव्या वर्षी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना एकोणसाठाव्या वर्षी मिळाले.

विजयन मायदेशी परतले आणि बंगळूरला त्यांनी प्रथिन-स्फटिकशास्त्राची शाखा रुजवली. भुईमुगातील लेक्टिन या प्रथिनाची रचना त्यांच्या प्रयोगशाळेत उलगडली गेली. भारतात या विषयात काम करणाऱ्या पुढील पिढ्यांपैकी अनेकांची गुरुपरंपरा अशा रीतीने ऑक्सफर्डच्या त्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचते. डोरोथी स्वतः भारतात येऊन गेल्या होत्या. चीन जगापासून अलग पडला असताना तेथील शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधलेली इन्शुलिनची रचना त्यांनी बीजिंगला जाऊन पाहिली आणि तिची गुणवत्ता जगाला सांगितली. दुसऱ्याच्या यशाने आनंदणे हा त्यांचा सहजधर्म होता.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एक विद्यार्थिनी पुढे ब्रिटनची पंतप्रधान झाली: मार्गारेट थॅचर. दोघींचे राजकीय विचार दोन टोकांचे. तरीही पंतप्रधानांनी आपल्या निवासस्थानी गुरूचे चित्र लावले होते आणि गुरूही अण्वस्त्रांच्या प्रश्नावर शिष्येला आपले म्हणणे निःसंकोचपणे ऐकवत. अण्वस्त्रविरोधी पगवॉश चळवळीचे अध्यक्षपद डोरोथींनी १९७६ ते १९८८ या काळात सांभाळले. या मतांची किंमतही त्यांनी मोजली होती. १९५३ मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला होता. माणसांवर विश्वास टाकण्याचा त्यांचा स्वभाव क्वचित त्यांना चुकीच्या जागीही घेऊन गेला. रुमानियाच्या हुकूमशहाची पत्नी एलेना चाउशेस्कू हिच्या नावावरील रसायनशास्त्राच्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्या बाईंची विद्वत्ता पोकळ होती हे पुढे उघड झाले. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे डागही असतात आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही.

उतारवयात त्यांचे हात पूर्णपणे वाकडे झाले. शिल्पकार हेन्री मूर यांनी केवळ त्या हातांची चित्रे रेखाटली. मॅगी हॅम्बलिंग यांनी १९८५ मध्ये काढलेल्या चित्रात टेबलावर काम करणाऱ्या डोरोथींना चार हात दाखवले आहेत. १९९३ साली बीजिंगला भरलेल्या स्फटिकशास्त्रज्ञांच्या परिषदेला त्या चाकांच्या खुर्चीत बसून गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर दहा-पंधरा वर्षांतच हे शास्त्र पार पालटले. आज प्रथिनांचे स्फटिक सिंक्रोट्रॉन नावाच्या महाकाय यंत्रांवर तपासले जातात. एका विशाल कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले जातात आणि वळताना ते अतिशय प्रखर क्ष-किरण बाहेर टाकतात. ऑक्सफर्डपासून जवळच असलेल्या अशा एका केंद्राच्या कड्याचा परिघ ५६२ मीटर आहे. २००७ मध्ये ते संशोधकांना खुले झाले. योगायोग असा की त्याचे नावच डायमंड, म्हणजे हिरा. तेथील किरण इतके प्रखर की डोरोथींच्या काळी ज्या मापनाला दिवस आणि महिने लागत ते आता मिनिटभरातही उरकते. मग अडचण उलटीच झाली. किरण तयार, मापक तयार, पण स्फटिक बसवणारा माणूस मंद! किरणकक्षात शिरायचे, स्फटिक बसवायचा, बाहेर येऊन जड दार बंद करायचे, आत कोणी राहिले नाही याची खात्री करून किरण सोडायचे. यातच सारा वेळ जाऊ लागला. म्हणून या शतकाच्या आरंभापासून हे काम यंत्रबाहूंकडे सोपवले जाऊ लागले.

आता स्फटिक नायलॉनच्या केसासारख्या बारीक फाशात अलगद उचलून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात, म्हणजे तो वाळतही नाही आणि किरणांच्या माऱ्यात लवकर नासतही नाही. असे सोळा फासे एका छोट्या गोल डबीत बसतात. यंत्रबाहू त्या डबीतून हवा तो फासा उचलतो, बाहेरच्या दमट हवेने त्यावर बर्फ धरण्यापूर्वी तो किरणांच्या वाटेत चुंबकाच्या बैठकीवर ठेवतो, थंड नायट्रोजन वायूचा झोत त्याला गोठलेला राखतो, कॅमेरा त्याला नेमक्या मध्यावर आणतो, आणि काम संपताच यंत्रबाहू तो परत जागेवर नेऊन दुसरा उचलतो. संशोधक दुसऱ्या देशात, आपल्या घरी बसूनही हे सारे चालवू शकतो. २०२० च्या महामारीत डायमंड केंद्रात करोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनावर हजाराहून अधिक लहान रेणू अल्पावधीत अजमावून पाहिले गेले, ते या व्यवस्थेमुळेच. भारतातही होळकरांच्या इंदूर नगरीत इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन कार्यरत आहे आणि तेथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे. १९७१ मध्ये केवळ सात रचनांनी सुरू झालेल्या प्रथिनांच्या जागतिक संग्रहात आज दोन लाखांहून अधिक रचना जमा आहेत.

हे वाचून प्रश्न पडतो: ज्या कामासाठी डोरोथींनी आपली बोटे झिजवली ते आता यंत्र विनासायास करते, मग त्या कष्टांचे मोल काय उरले? उत्तर त्यांच्याच आयुष्यात आहे. यंत्रबाहूला कोणता स्फटिक उचलावा हे सांगावे लागते. कोणता प्रश्न पस्तीस वर्षे मनात जपण्याजोगा आहे हे त्याला कधीच कळणार नाही. स्फटिक ओला राखला पाहिजे हे १९३४ मध्ये सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बसलेल्या माणसाला कळले, म्हणूनच आज यंत्र त्याला गोठवून राखते. शिवाय लोखंडी दांड्याने खटका ओढणाऱ्या डोरोथींना यंत्राच्या मदतीचे वावडे कधीच नव्हते. ज्याची बोटे चालत नाहीत अशा एखाद्या मुलीला आज कोणी या शास्त्राच्या दारात अडवू शकणार नाही, याचा आनंद त्यांनाच सर्वांत अधिक झाला असता.

डोरोथीच्या घडणीत कोणाकोणाचा वाटा होता हे पाहिले तर यादी मोठी होते. वाढदिवसाला पुस्तक देणारी आई, बागेतला काळा खडा गंभीरपणे पाहणारा कुटुंबस्नेही, मुलांच्या वर्गात दोन मुलींना जागा देणारी शाळा, शाळा सुटल्यावर लॅटिन शिकवणारे मुख्याध्यापक. यांपैकी कोणालाही आपण नोबेल विजेती घडवत आहोत याची कल्पना नव्हती. त्यांनी केवळ एका मुलाच्या कुतूहलाला हात दिला. हिऱ्याच्या घडणीत दिसणारी शिस्तही हीच: प्रत्येक अणू शेजारच्या चौघांचा हात धरून असतो, आणि त्या धरलेल्या हातांतच त्याची कणखरता असते. कोणत्याही शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीत असे अनेक हात गुंतलेले असतात. एखाद्या घराच्या खिडकीत आजही काचेच्या पेल्यात मोरचुदाचे निळे पाणी ठेवलेले असेल. ते सांडू नये एवढी काळजी घरातल्या मोठ्यांनी घ्यावी. पुढचे काम तो स्फटिक आणि ते मूल आपापल्या परीने करतील.